ड्रायव्हरला गाडी लागली

माझ्या नवऱ्याने ट्रकने उभा देश पालथा घातला. सुरतेहून नागपूर, तिथून पुढे कलकत्ता. खाली कन्याकुमारी, वर श्रीनगर. आमचं घर विसरवाडीला, हायवेच्या फाट्याजवळ. मुक्काम नसला तरी घरावरून जाताना ते हॉर्न वाजवत. मी ओल्या हातांनी दारात येईपर्यंत ट्रक पुढे गेलेला असे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मला नवरा असा पाठमोराच दिसला.

एकदा काश्मीरहून आले. मी हौसेने विचारलं, "कसं शे तठे?"

"बोगदाना पुढे जाम लागस," म्हणाले. झालं आमचं काश्मीर. कन्याकुमारीचं विचारलं तर, "माल उतराले टाइम लागस." समुद्राबद्दल अवाक्षर नाही. देवाने तुम्हाला डोळे फक्त डांबर बघायला दिलेत, असं मी तोंडावर म्हणायची आणि ते हसण्यावारी न्यायचे.

पुढे रात्री समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपायला लागले. तेव्हा त्यांनी आपण होऊन चावी शेटच्या हातात दिली. मला वाटलं, चला, आता नवरा घरी आला. पण कसलं काय. सकाळचा चहा उभ्यानेच घ्यायचा आणि फाट्यावर जाऊन येणारे-जाणारे ट्रक बघत बसायचं. जेवायला यायचे, पण ताटावरही कान हायवेकडेच. त्यांची तगमग बघून मला वाईट वाटायचं, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. हा माणूस घरात राहूनही मला मिळायचा नाही, असं सारखं मनात यायचं.

म्हणून मी हट्टच धरला, तोरणमाळला जाऊ. आपल्याच जिल्ह्यातला घाट, आणि मी अजून पाहिलेला नव्हता.

"दुसराना हातमा स्टेरिंग?" ते कुरकुरले. पण आले.

शहाद्याहून एसटी निघाली. मला गाडी लागेल म्हणून मी पदराला लिंबू बांधलं होतं. सातपुड्याची वळणं सुरू झाली आणि बघते तर काय, मी ठणठणीत आणि हे घामाघूम. तोंड पांढरंफटक पडलेलं. उजवा पाय मात्र दर वळणाला ब्रेक दाबत होता. स्वतः चालवताना त्यांना कधी काही झालं नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीत नुसतं बसून जायची अंगाला सवयच नव्हती. मला हसू आवरेना. मग त्यांनी कोणी पाहतंय का म्हणून चोरून मागे बघितलं, आणि माझं हसू तिथेच विरलं. त्यांना लाज वाटत होती.

लिंबाला नख लावून मी ते त्यांच्या नाकाशी धरलं. म्हटलं, "डोया मिटा. मन्हा खांदावर डोकं ठेवा."

चारचौघांत या माणसाने कधी माझा हातसुद्धा धरलेला नव्हता. पण त्यांनी डोकं ठेवलं.

थोड्या वेळाने हळूच आवाज आला, "बाहेर काय दखास?"

"बरंच काही," मी म्हटलं.

"सांग ना वं. घाटमा मी कधी खाले दखंच नही. नजर रस्तावर."

मग मी सांगू लागले. सागाची पानं केवढी झालीत ते सांगितलं. दरीच्या तळाशी एकटंच कौलारू घर होतं, अंगणात शेळ्या होत्या. समोरच्या कड्यावरून पाण्याची बारीक धार उतरत होती आणि मध्येच ढगात शिरत होती. प्रत्येक गोष्टीला ते "हं" म्हणत. ब्रेक दाबणारा पाय कधी थांबला, माझं लक्ष नव्हतं.

घाट संपला. बस वरच्या सपाटीला लागली, दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती. मी तरी सांगतच राहिले: आता डावीकडे वळण, आता खोल दरी, आता आणखी एक धबधबा. इंजिनाच्या आवाजावरून गियर ओळखणारा माणूस. चढ संपल्याचं त्याला माझ्याआधी कळलं असणार.

"हं," ते म्हणाले, आणि डोळे उघडले नाहीत.