वीमच्या बाकावरचा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मृणाललाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड आहे ते आमच्या घरी जेवून गेलेल्या कुणालाही विचारा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वीमला ओळखत नाही. कदाचित तेवढंच कारण असेल.

मी नेदरलँड्समध्ये, नायमेखन शहरात, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. पुण्याहून आलो त्याला अकरा वर्षं झाली. शनिवारी इतर मराठी मंडळी क्रिकेट खेळतात, मी सायकल काढून नेमबाजीच्या क्लबात जातो. कॉलेजच्या कॅम्पात रायफल हातात आली होती, तो नाद काही सुटला नाही. इथे रीतसर परवाना काढला, आणि क्लबात वीम भेटला.

वीम तंत्रशाळेत लेथ शिकवायचा, आता निवृत्त आहे. आपली काडतुसं तो स्वतः भरायचा. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, दारू तोलून घालायची, वर नवी गोळी बसवायची. (आईला फोनवर ‘हल्ली दारू तोलायला शिकतोय’ म्हणालो, तर तिने आधी मृणालला फोन द्यायला सांगितलं.) कुठली दारू किती घालायची हे सांगणारी पुस्तकं असतात. तिथे अंदाजपंचे चालत नाही. जास्त पडली तर रायफल आपल्याच तोंडाशी फुटते.

अशा पुस्तकांच्या वीमकडे दोन फळ्या होत्या, आणि खरं सांगू? मी त्या पुस्तकांच्या प्रेमात पडलो. जुनी पुस्तकं आजोबांसारखी बोलतात. आकड्याआधी दोन पानं गप्पा — हे काडतूस कुणी काढलं, कशासाठी काढलं, कुठे रुसतं. नवी पुस्तकं मोजकं बोलतात, पण एकेक आकडा, गोळी सुटताना नळीत येणारा दाब यंत्रावर मोजून घेतलेला. जुन्या काळी तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून दाब ठरवायचे. आता सेन्सर आहे. शिवाय दारूचं नाव तेच राहतं आणि आतला माल बदलतो. म्हणून एकाच नावापुढे दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतात. वीम कुणाचीच टर उडवत नसे. तो म्हणायचा, “जुनं वाचायला, नवं भरायला.” आणि भरण्यापूर्वी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून, बोट ठेवून, दोन्ही आकडे मोठ्याने वाचायचा. लेथवर पोरांची बोटं वाचवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची ती शिस्त. इतका सावध आणि इतका रसिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला. बारीक छपाई दिसेना. मग मी काय केलं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा — मी एक तक्ता केला. कॉम्प्युटरवर, जुने आकडे डावीकडे, नवे उजवीकडे, टपोऱ्या अक्षरांत छापून दिला. वीम इतका खूश झाला की त्याने तो काडतुसं भरायच्या बाकावर, दारू तोलायच्या काट्यामागे, भिंतीला लावला.

त्याने एकच विचारलं होतं. “पुस्तकाशी पडताळलंस?”

मी म्हणालो, “दोनदा.”

एकदाही नाही. हे लिहायला मला इतका वेळ का लागला ते आता कळलं असेल. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या शीटमधल्या चुका काढतो, मला कसली पडताळणी — असा तोरा होता. आणि माझ्या ‘दोनदा’वर विश्वास ठेवून वीमने आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकं बंद ठेवून काडतुसं भरली.

त्या शनिवारी मी त्याच्या शेजारच्या लेनवर होतो. आवाज वेगळा आला. वीम मागे सरकला — चष्म्यामुळे डोळे वाचले, गालावर ओरखडा आला, रायफलचा बोल्ट जाम झाला. तो ठोकून उघडला, तर आतली पुंगळी बुडाशी फाटली होती. वीमने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाला, “माझे डोळे. ओळ चुकलो असणार.”

सोमवारी ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडला. नावांची यादी नीट लावताना उजवा कॉलम एका घराने खाली सरकला होता. वीमने भरलेल्या दारूपुढे शेजारच्या, सौम्य दारूचा आकडा. ती सौम्य, म्हणून तिचा आकडा मोठा — आणि वीमच्या पुंगळीत जहाल दारू तेवढी जास्त पडली. मी कॉलम वर सरकवला. तेवढ्यावर थांबलो असतो तर मला भित्रा म्हणून सोडून देता आलं असतं.

पण त्याच संध्याकाळी वीमने मला बाक आवरायला बोलावलं होतं. त्याने भरणं सोडायचं ठरवलं होतं. तो कॉफी करायला आत गेला, आणि मी भिंतीवरचा कागद काढून खिशात घातला. त्याच्या जागी दुरुस्त केलेला लावला. तीच टाचणी, तेच भोक. कॉफी घेऊन आल्यावर त्याने भिंग लावून तक्ता पाहिला, ती ओळ शोधली, आकडा वाचला आणि मान हलवली. “बघ, तू तर बरोबरच लिहिलं होतंस.”

मी पुंगळ्या डब्यात भरू लागलो. खरं सांगितलं तर परवाना जाईल ही भीती होती, असं म्हणता येईल. पण खरी भीती ती नव्हती. त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, बस. म्हणून मी त्याला त्याच्याच नजरेतून उतरू दिलं.

महिन्याभरात त्याने रायफल विकली, परवाना परत केला आणि दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं मला दिली. पुढे ऑपरेशन झालं. आता त्याला लख्ख दिसतं. शनिवारी तो क्लबात नुसता कॉफीला येतो. कुणी नवखा काडतुसं भरण्याबद्दल विचारू लागला की वीम स्वतःची गोष्ट सांगतो — म्हातारपणी हट्ट करू नये, मी डोळे वेळेवर दाखवले असते तर, वगैरे. आणि माझ्याकडे बोट दाखवतो, याच्याकडून शिका म्हणून. मी शिकवतो. नीट शिकवतो.

वीम त्या दिवशी ओळ चुकला नव्हता. मोतीबिंदूतूनही त्याने माझा आकडा अगदी बरोबर वाचला होता.