ओल्या फरशीवर पळायचं नाही

फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, उष्टी भांडी आणि किस्से. भांडी संध्याकाळपर्यंत घासून होतात, किस्से तसेच पडून राहतात. माझ्याकडचे बहुतेक लढाईच्या दिवसांतले आहेत.

तेव्हा जबलपूरला आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइमला अंत नव्हता. जो तो धावत असे. अशाच घाईत चहावाला राममिलन सांडलेल्या वरणावरून घसरला आणि उकळता चहा त्याच्या हातावर आला. त्याची किंकाळी ऐकून मी हादरलो. कॅन्टीनचा सुपरवायझर मीच होतो. त्याच दिवशी जाहीर केलं, "लढाई असो की काही असो, ह्या फरशीवर कुणी पळायचं नाही! आणि सांडलेलं ज्याला दिसेल, त्यानं पुसायचं!"

सगळे हसले. फक्त आमच्या स्वयंपाकीण गोदाबाई हसल्या नाहीत. त्यांचा एकुलता एक वसंता फौजेत, सीमेवर होता, आणि बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिले भाऊ. माझ्या पोराच्या बंदुकीत गोळी भरणारी माणसं इथंच जेवतात. एकही पडला नाही पाहिजे!"

*

हाताला पट्टी बांधून परत आलेला राममिलनच पहिला कुरकुरला. "बाबूजी, उधर दुश्मन टैंक लेकर आ रहा है, और हम यहाँ टहलें?"

"टहलो! लेकिन चाय पूरी पहुँचाओ!"

चार दिवसांनी वर्कशॉपमधले लोक त्याला विचारायला लागले, "क्यों भैया, आजकल गिलास ऊपर तक भरा कैसे आता है?"

*

आमचे फोरमन साहेब तेलकट बूट घालून तडक जेवायला यायचे. मी दारात पोतं अंथरलं आणि त्यांना अडवलं. "साहेब, आधी बूट पुसा."

"मला वेळ नाही!"

"अच्छा. आणि पायाला प्लास्टर घालायला आहे?"

साहेब लालबुंद झाले, पण पुसले. दुसऱ्या दिवशी बघतो तर स्वतःच पोत्याशेजारी उभे राहून सगळ्यांवर ओरडताहेत, "जूते पोंछो!"

*

दीक्षितपुऱ्यातल्या घरीही माझं तेच सुरू झालं. मोरीबाहेर पाणी दिसलं की मी ओरडायचो. एकदा बायकोनं शांतपणे फडकं माझ्या हातात दिलं. "ज्याला दिसेल त्यानं पुसायचं ना? घ्या!"

*

एकदा मी गोदाबाईंना म्हटलं, "बाई, थोडे दिवस रजा घ्या. तुमचं लक्ष लागत नाही."

"काहून? घरी बसून काय करू? दाराकडे पाहत राहू? इथं हात तरी चालून राहिले."



*

आणि मग ती दुपार. गोदाबाई आणि राममिलन उकळत्या वरणाचं मोठं पातेलं दोन बाजूंनी धरून आणत होते. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला, माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून गेटवरचा चौकीदार ओरडला, "बाबूजी! गोदाबाई का बेटा आया है! गेट पर खड़ा है!"

मी पळालो. मी! आणि गोदाबाईंच्या पुढ्यात येऊन धाडकन आडवा झालो.

पडल्यापडल्याच ओरडलो, "बाई, वसंता आलाय! गेटवर आहे! पळा!"

त्यांचे ओठ थरथरले. पातेलं मात्र हललं नाही.

"राममिलन, हळू. ठेव खाली."

पातेलं ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, लागलं काय?"

मी मानेनंच नाही म्हटलं. पदर तोंडाशी धरून त्या दाराकडे निघाल्या. चालत. एकेक पाऊल जपून टाकत. 

दार आलं. गोदाबाईंनी उंबरठा ओलांडला, आणि चपला काढून हातात घेतल्या.