मिस्त्रींना घेऊन स्थळ पाहायला

मी जामखेडला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. नोकरी पक्की झाली तेव्हा आईला वाटलं आता सून यावी, आणि मला वाटलं आता गाडी यावी. गाडी आधी मिळाली. जुनी होती, पेट्रोलवर चालणारी, पांढरी, दिसायला अगदी सोज्वळ. गावात ती कधीच त्रास द्यायची नाही. कॉलेज, बाजार, दवाखाना, सगळीकडे गुणी मुलीसारखी जायची. पण नगरच्या रस्त्याला लागून तासभर झाला आणि ऊन तापलं, की चालता चालता एकदम गप्प. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. रेडिओवर गाणं चालू, पंखा चालू, फक्त इंजिन गेलेलं. मग कितीही किल्ली फिरवा, स्टार्टर नुसता घर्र घर्र करायचा आणि इंजिन काही पेट घ्यायचं नाही.

आणि अर्ध्या-पाऊण तासाने, जणू काही झालंच नव्हतं अशी, पहिल्या किल्लीला चालू.

यातली खरी गंमत अशी, की गाडी चालू होण्याआधी तिला ज्याने शेवटचा हात लावलेला असायचा त्याला वाटायचं, आपणच दुरुस्त केली. एकदा कडा गावाच्या अलीकडे एका शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी पुढच्या चाकाला काठी मारली आणि म्हणाले, "आता मारा किल्ली." मारली, तर चालू! आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली उतरून त्यांच्या पाया पडलो. पुढच्या खेपेला गाडी त्याच पट्ट्यात बंद पडली तेव्हा वडिलांनी स्वतः चारही चाकांना काठी मारून पाहिली. काही झालं नाही. "त्यांची काठी वेगळी असेल," वडील म्हणाले.

गाडी थांबली की माणसं जमायचीच. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेट्रोल हाय का?" मी हो म्हणालो तरी विश्वास कोणी ठेवायचं नाही. काटा पाहायचे, मग टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचे. वडील तर गाडीत बसलेले असूनही दर वेळी हाच प्रश्न विचारायचे, आणि तोही पेट्रोल पंपावरून निघून दहा मिनिटं झालेली असताना.

आईचं निदान निराळं होतं. "आधीच्या मालकाचा जीव अडकलाय हिच्यात," ती म्हणाली. मालक धडधाकट होता, बार्शीला राहत होता. तरी तिने मला त्याला फोन करायला लावलाच. मी आडून आडून विचारलं, "गाडीची आठवण वगैरे येते का हो?"

"नाही हो," तो फार मनापासून म्हणाला, "मी सुटलो."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की आपण काय विकत घेतलंय.

आमचे गॅरेजवाले मिस्त्री पन्नाशीचे, बोलके आणि प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम मत असलेले. त्यांची पंचाईत अशी झाली होती, की त्यांच्या दारात गाडी कधीच बंद पडत नव्हती. मी तक्रार सांगायचो, ते किल्ली मारायचे, गाडी गुरगुरायची आणि ते माझ्याकडे डॉक्टरसारखं पाहायचे. रोगी ठणठणीत, नातेवाईकच जरा घाबरट. तरी बिचाऱ्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, शेवटी पेट्रोलचा पंपही बदलला. दर वेळी म्हणायचे, "आता हिचा बाप बंद पडत न्हाई." बाप खरंच पडत नव्हता. ही पडायची. संगणकाला जोडून पाहिलं तर संगणकही म्हणाला, काही दोष नाही.

"सर," शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाले, "बंद पडल्यावर मी तिथं हजर पायजे. त्याबिगर उमगायचं न्हाई. पुढच्या लांबच्या फेरीला मला संगं घ्या."

आणि पुढची लांबची फेरी नेमकी श्रीरामपूरची निघाली. मला मुलगी पाहायला.

आईने कडाडून विरोध केला. "स्थळ बघायला मिस्त्री घेऊन जातं का कोणी?" पण वाटेत गाडी बंद पडून तीन तास उशिरा पोचणं त्याहून वाईट, असं वडिलांनी पटवलं. मिस्त्री मात्र हा प्रसंग ओळखून आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, केसांना तेल, कपाळाला गंध. हातात नवी कापडी पिशवी, तिच्यात हत्यारं. आमच्या चौघांत लग्नाला निघाल्यासारखे तेच दिसत होते.

आम्ही भल्या सकाळी निघालो. मिस्त्री पुढच्या सीटवर कान टवकारून बसले. जरा उतार लागला, की म्हणायचे, "आता पडंल बगा." आष्टी गेली, कडा गेलं, नगर गेलं, नागापूरच्या कंपन्या मागे पडल्या, राहुरी गेली. गाडी पडली नाही. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत रखडत आम्ही वेळेच्या आधी श्रीरामपुरात पोचलो. आईचा चेहरा खुलला. मिस्त्री खिन्न झाले. "मला वळखती ती," ते हळूच म्हणाले.

मुलीचे वडील दारात उभे होते. कापसाच्या व्यापारातले, मोठ्या आवाजाचे, आतिथ्यशील गृहस्थ. त्यांनी मिस्त्रींचे कपडे पाहिले आणि सरळ त्यांनाच नमस्कार केला. "हे मुलाचे मामा का?"

आईने क्षणभर विचार केला. "घरचेच आहेत," ती म्हणाली. खोटंही नाही आणि खरंही नाही.

त्याच क्षणी मुलीच्या काकूंनी मिस्त्रींच्या हातातली पिशवी आदराने घेतली. "अहो, कशाला आणायचं एवढं!" असं म्हणत त्या आत गेल्या. पिशवी जड होती. काकूंना वाटलं असणार, नारळ आणि पेढे. मिस्त्री तोंड उघडून पाहत राहिले, पण मामा झाल्यामुळे त्यांना बोलता येईना.

आम्ही बैठकीत बसलो. पोहे आले. मुलगी आली, फिकट निळी साडी, चष्मा, चाल भरभर. ती नागापूरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या विभागात इंजिनिअर होती, शनिवार-रविवार घरी यायची. मी मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होतो.

"मामा," मुलीचे वडील मोकळेपणाने म्हणाले, "तुम्ही जवळून पाहिलंय मुलाला. स्वभाव कसा आहे? अगदी खरं सांगा."

मिस्त्रींना खरं सांगायला कोणी सांगू नये.

"स्वभाव लई चांगला," ते म्हणाले. "कुणाला उलट बोलनार न्हाई. फकस्त गाडी चालवताना क्लचवर पाय ठिवतो. लई सांगितलं, ऐकत न्हाई. आन सर्व्हिसिंग टायमावर करत न्हाई. ऑइल पार डांबर व्हईस्तवर थांबतो."

आईने पदर तोंडाला लावला. वडील छताकडे पाहू लागले. तेव्हा मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. मला नाही, मिस्त्रींना विचारलं, "तुम्ही गाडीचं काम करता का?"

मिस्त्रींनी आईकडे पाहिलं, मग मान हलवली. पुढे काही लपवण्यासारखं उरलंच नाही. त्यांनी गाडीची सगळी कर्मकहाणी सांगितली, शेळ्यांच्या आजोबांसकट. मुलगी खुर्चीच्या कडेला सरकून ऐकत होती. मी माझ्या नोकरीबद्दल सांगितलं असतं तर ती एवढी पुढे सरकली नसती.

"बंद पडल्यावर स्टार्टर मारता, तेव्हा इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा हलतो का?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या वेळा बंद पडली, माणसांनी टाकीचा वास घेतला, चाकांना काठ्या मारल्या, आणि त्या काट्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं.

"बंद पडली तरच बघता येईल," मिस्त्री म्हणाले. "आन ती पडत न्हाई."

"मग पाडू या. बाहेर उन्हात चालू करून ठेवा, बॉनेट बंद ठेवून. तापू द्या."

अशा रीतीने माझा पाहण्याचा कार्यक्रम चालू इंजिनाच्या साथीने झाला. बाहेर अंगणात गाडी घुरघुरत होती, आत माणसं बोलत होती. पण लक्ष कोणाचंच बोलण्यात नव्हतं. आई स्वयंपाकाचं विचारायची आणि मध्येच थांबून बाहेरचा कानोसा घ्यायची. आवाज जरासा बदलला, की मिस्त्री बोट वर करायचे आणि सगळे श्वास रोखायचे. माझे वडील दोनदा उठून पेट्रोल पाहून आले. काकू मला विचारत होत्या, "पुढे अजून शिकायचा विचार आहे का?" आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच बाहेर एकदम सन्नाटा.

"पडली!" मिस्त्री ओरडले. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. सगळं घर चपला न घालता अंगणात धावलं. मुलीने साडीचा पदर खोचला आणि मला म्हणाली, "तुम्ही किल्ली मारा, मी काटा बघते."

मी किल्ली मारली. घर्र घर्र. ती माझ्या खिडकीतून आत वाकली होती. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता.

"क्रँक सेन्सर," ती म्हणाली. "इंजिन फिरतंय हे सांगणारा तो एक तुकडा असतो. तापला, की तो गप्प बसतो. मग गाडीला वाटतं, आपण उभेच आहोत. ना ठिणगी, ना पेट्रोल. गार झाला, की पुन्हा बोलायला लागतो. पण खात्री करू. ओलं फडकं लागेल, आणि तुमची हत्यारं."

हत्यारांची पिशवी कुठे, याचा शोध सुरू झाला. काकू आतून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पिशवी त्यांनी देवापुढे ठेवली होती, हळदीकुंकू वाहून. मिस्त्रींनी पान्यांवरचं कुंकू शर्टाला पुसलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. मुलीने माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं माझ्या हातात दिलं. मी ते मिस्त्रींना दिलं. त्यांनी आत कुठेतरी, माझा हात कधी पोचला नसता अशा कोपऱ्यात, ते दाबून धरलं.

आम्ही थांबलो होतो. ती माझ्या शेजारी उभी होती. कोणी ऐकत नाही असं पाहून तिने विचारलं, "तुम्ही भूगोलच का घेतलात?"

त्या दिवशी मला माझ्याबद्दल विचारला गेलेला हा एकमेव खरा प्रश्न. त्याचं चांगलं उत्तर माझ्याजवळ आहे. लहानपणी आमच्या कोरड्या टेकड्यांवर उभा राहून मला नेहमी प्रश्न पडायचा, की पाऊस इथे येऊन परत का जातो. ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात मिस्त्री आतून ओरडले, "मारा किल्ली!" आणि मी तिला म्हणालो, "एक मिनिट हं."

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. अंगणात टाळ्या पडल्या. मुलीच्या वडिलांनी मिस्त्रींना मिठी मारली, पांढऱ्या शर्टावर कुंकू आणि ऑइल असताना. माझ्या वडिलांनी मात्र घोषित केलं, "म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. मी काय म्हणत होतो?" आणि भूगोलाचं उत्तर राहून गेलं.

परतीला मिस्त्रींनी ओलं फडकं आत खोचूनच ठेवलं. दर थोड्या अंतराने थांबून आम्ही ते भिजवत होतो. पांढऱ्या शर्टातला माणूस उघड्या बॉनेटमध्ये तांब्याने पाणी घालतोय आणि बाजूला आई हात जोडून उभी आहे, हे पाहून एका ट्रॅक्टरवाल्याने आदराने ट्रॅक्टर हळू केला.

आठवडाभराने मुलीच्या वडिलांचा फोन आला. फोन आईने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मुलगी विचारतेय, सेन्सर बदलला का?"

"हो, बदलला. गाडी छान चालते," आई हसत म्हणाली.

"वा, फार चांगलं झालं. आणि स्थळाचं जरा... जमेल असं वाटत नाही. तिला नागापूरची नोकरी सोडायची नाही, जामखेड फार लांब पडतं. माणसं मात्र फार आवडली आम्हाला. मामा तर विशेष."

आईने फोन ठेवला. मलाही वाईट वाटलं, वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. मी मिस्त्रींकडे गेलो. बसायला मला तीच जागा बरी वाटली. ते एका जीपखाली होते. बातमी ऐकून सरकत बाहेर आले, हात पुसले.

"आसं कसं झालं सर?" ते खरंच दुःखी होते. मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "त्यांच्यावर राग न्हाई ना तुमचा? मंग त्या ताईंचा नंबर घेऊन ठिवा. ह्या जिपचं बी कायतरी उमगंना झालंय."

नंबर मागायचं माझ्याच्याने झालं नाही. तो त्यांनीच मागितला, सरळ तिच्या वडिलांकडून, मामाच्या नात्याने. त्यानंतर दोघांचं बरेच महिने फोनवर चालायचं. मी गॅरेजवर गेलो, की कधी कधी मिस्त्री फोन कानाला लावून "व्हय ताई, व्हय ताई" करत असायचे. तिचं पुण्याला लग्न ठरल्याचं मला तिथेच कळलं. जीपही नीट झाली.

माझं लग्न पुढल्या वर्षी पाथर्डीकडच्या स्थळाशी झालं. गाडी तोवर घड्याळासारखी चालत होती, पण ते स्थळ पाहायला आईने एसटीनेच जायचं ठरवलं. वाटेत एसटी पंक्चर झाली. सगळे प्रवासी खाली उतरले, ड्रायव्हर-कंडक्टर घामाघूम झाले, कोणी जॅक शोधतंय, कोणी आगाराला फोन लावतंय. आई एकटीच आत खिडकीशी बसून शांतपणे शेंगा सोलत होती. मी विचारलं, "उतरत नाहीस?"

"कशाला?" ती म्हणाली. "ही आपली नाही." आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.