विहिरीच्या वरचा खड्डा

घरामागची विहीर बायकोनं हट्ट करून खोदून घेतली होती. नळ आला तरी ती चहा विहिरीच्याच पाण्याचा करायची. ती गेली, आता मीच करतो. तिच्यासारखा होत नाही, पण पाणी तेच आहे.

मागची टेकडी बिल्डरनं कापायला घेतली. झाडं गेली, लाल माती उघडी पडली. रस्त्याच्या बाजूला तेवढी हिरवी जाळी लावली. मला वाटलं, साहेब लोकांना दाखवायला.

एक दिवस त्यांची इंजिनीअर पोरगी आली.

"काका, विहिरीच्या वरच्या अंगाला, तुमच्या जागेत एक खड्डा घ्यावा लागेल. गढूळ पाणी त्यात थांबेल, माती तळाला बसेल. नाहीतर सगळा गाळ तुमच्या विहिरीत."

"तुमच्या हद्दीत घे ना."

"आमच्याकडे चढ आहे. पाणी इथूनच उतरतं. काम संपलं की बुजवून देऊ."

मी पोहरा उचलून विहिरीकडे वळलो. दुपारी माणसं आली, चार खुंट्या मारल्या, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढली. पनवेलच्या बाजूला आम्ही त्या रेघेचा अर्थ एकच जाणतो, जमीन जाणार. भातशेती गेली तेव्हाही आधी फक्कीच पडली होती. माणसं गेल्यावर मी खुंट्या उपटल्या आणि रेघ पायानं पुसली.

सकाळी पोरगी हजर. "काका, खुंट्या कुठं गेल्या?"

"चुलीत. पानी तापवलं."

ती हसली. गोड हसणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

मग दोन दिवस धो धो पडला. विहिरीत वाकून बघितलं तर पाणी विटकरी. चहा केला, दाताखाली कचकच आली. तो ओतून दिला. चुकलो असं तेव्हाही म्हणालो नाही, आजही म्हणणार नाही. पण विहीर तिची होती.

टेकडीवर गेलो. पोरगी चिखलात उभी राहून ठेकेदारावर ओरडत होती, जाळीची खालची कड मातीत गाडली नाही, गाळ खालून सुटला म्हणून. मला बघून माझ्याकडे वळली.

"खोद," मी म्हणालो. "पन खुंटी नाय, फक्की नाय."

"मग आखायचं कसं?"

"माजा दोर हाय. एक टोक तू धर, एक मी. खोदून झालं की दोर घरी नेनार."

"आणि मी पळवला तर?"

"म्हनून तर दुसरं टोक माज्या हातात."

तसाच खड्डा झाला. पाणी निवळायला महिना गेला, पण निवळलं. चहा आता पिण्यासारखा होतो.

खड्डा गाळानं भरला की उपसायला जेसीबी येतो, तेव्हा मी छत्री घेऊन काठावर उभा राहतो. दर खेपेला खड्डा थोडा रुंद झालेला दिसतो. पोरगी म्हणते, पावसानं कड ढासळते. ढासळत असेल. पण नेमकी माझ्याच बाजूची ढासळते.