सगळ्या तालुक्याला विचारलं, नीलमला कोण विचारणार?

मालनबाई, बसा की! माझ्या सुनेचं कौतुक निघालं की तुमी शेजारधर्म सोडून पळता, पण आज सोडणार न्हाई. तुमाला निम्मं ठाऊक हाय, तरी पहिल्यापास्नं सांगते. सांगितल्याबिगर मला आज घास जायचा न्हाई.

माझी नीलम शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून न्हावऱ्यात नांदायला आली. पोरगा माझा पप्पू कारेगावला कंपनीत जातो, आन् ही आमच्या सैपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून वेबसाईट बनवती. हिकडं मी भाकरी थापायची, तिकडं हिची टकटक. पहिल्यांदा लई राग यायचा मला. सुनेचं हे कसलं काम म्हणायचं? पण पोरगी गुणाची. मी भांडले तरी हसती. लेक सासरी गेल्यापास्नं घर खायला उठायचं, ते हिच्यामुळं थांबलं.

मग आमच्या दूध डेअरीनं तिला काम दिलं. गाय आजारी पडली की मोबाईलवर साईट उघडायची, काय झालंय ते दाबायचं, जो जनावरांचा डॉक्टर मोकळा असंल त्याला निरोप जायचा. सभासदांनी वापरलं तर घरबसल्या कायमचं काम. न्हाई वापरलं तर पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलेलंच होतं, म्हंजी दोघंबी बिऱ्हाड घेऊन पुण्याला. मी वरवर म्हणायचे, "जा की बाई, मला काय त्याचं!" आन् आतनं जीव तीळतीळ तुटायचा.

साईट चालू झाली आन् कुणी वापरंना. एक माणूस न्हाई! नीलमचं तोंड एवढंसं झालं. म्हणलं, थांब, मी बघते. गोठ्यात आमचा एक मोबाईल खुंटीला पिशवीत टांगलेला असतो, त्यो काढला, साईट उघडली, तर सगळं इंग्रजी.

"अगं, ह्यात काय वाचू मी, माझं कपाळ?"

"असं कसं आत्या? माझ्या मोबाईलात तर मराठी दिसतंय. मोबाईल ज्या भाषेत असंल ती भाषा साईट आपोआप धरती."

"आन् मोबाईलची भाषा कुणी ठरवली? दुकानदारानं! त्यानं इंग्रजीत चालू करून हातात दिला, त्यो आजतागायत तसाच हाय. अख्ख्या गावाचा तसाच हाय. मला फोन उचलाय आन् ठेवाय येतो, बास झालं."

नीलम ताडकन उठून बसली. भाषा बदलायचं बटण तिनं ठेवलं होतं म्हणे, पण त्याच्यावर लिहिलेलं बी इंग्रजीत! ज्याला इंग्रजी येत न्हाई त्याच्यासाठी बटण, आन् ते त्यालाच वाचता येत न्हाई. मी हसून हसून खाली बसले, मग ती बी हसाय लागली. त्याच दिवशी तिनं ते फिरवलं. साईट उघडली की पहिल्यांदा मोठ्या अक्षरात इचारायचं, कुठली भाषा पायजे, आन् प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत लिहिलेलं.

आन् लोक वापराय लागले की हो! पण आमच्याच गोठ्यात नवा तमाशा उभा राहिला. आमचा रामाशीष, बिहारचा, गाया त्योच बघतो. त्याला हिंदी वाचता येतं, मराठी न्हाई. त्यानं हिंदी दाबलं की मोबाईल तेच ध्यानात ठेवायचा आन् मला हिंदी दाखवायचा. मी मराठी केलं की सकाळी त्याची बोंब, "अम्मा, फिर से बदल दिया?" धार काढायच्या टायमाला रोज आमची जुंपायची.

शेवटी मी ओरडले, "नीलम, तुझ्या त्या साईटला सांग, मोबाईल एक असला म्हणून माणूस एक नसतंय!"

तिनं टाळीच वाजवली. "आत्या, तिथंच चुकलं माझं. भाषा मोबाईलला बांधली, ती माणसाला बांधायला पायजे होती."

मग तिनं घरातल्या ज्याला त्याला येगळा नंबर दिला. मी माझा टाकला की मराठी, रामाशीषनं त्याचा टाकला की हिंदी. आन् त्यानं हिंदीत दाबलेलं डॉक्टरला मराठीत दिसणार. भांडणच मिटलं.

आता कालचं ऐका. डेअरीची मीटिंग दौंडला होती. मी संचालक, मला जाणं भाग. डेअरीनं कायमचं काही ठरवलं न्हवतं, म्हणून नीलम आन् पप्पू त्याच दिवशी पुण्याला, कंपनीच्या मुलाखतीला. गोठ्यात एकटा रामाशीष, आन् आमची कपिला गाय पहिलटकरीण, दिवस भरलेली. माझं निम्मं चित्त तिच्यापाशी.

मीटिंगीत आमचे चेअरमन जयसिंग आबा म्हणाले, "पुतळाबाई, राग मानू नका. ही साईट म्हंजी शिकलेल्यांचं खेळणं. बंदच करू."

माझं डोकं सणकलं. "आबा, आधी तुमचा मोबाईल आणा हिकडं!"

त्यांचा मोबाईल बी इंग्रजीतच. मी साईट उघडून माझा नंबर टाकला, आन् काय सांगू मालनबाई, सगळं पान मराठी झालं! मोबाईल आबांचा, गाव दौंड, तरी माझी मराठी माझ्या मागं आली. मी दाखवाय हात वर केला तोवर खाली अक्षरं आली. 'गाय कपिला. वासराचे पाय दिसतात, वासरू अडलंय. निरोप देणारा रामाशीष. डॉक्टर निघाले.'

मी रामाशीषला फोन लावला तर उचलंना, त्याचे हात गायीत गुंतलेले. सगळे संचालक खुर्च्या सोडून त्या मोबाईलभोवती जमले. 'डॉक्टर पोचले.' मग काहीच येईना. चहा आला, कुणी शिवला न्हाई. मी आपली खंडोबाला हात जोडून उभी.

'कालवड झाली. दोघी ठीक.'

माझ्याआधी आबाच ओरडले! टाळ्या काय, शिट्ट्या काय! आबा म्हणाले, "सुनंला सांगा, काम कायमचं तिचंच."

मी तरंगतच घरी आले. नीलम कालवडीपाशी बसलेली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणली, "आत्या, पुण्याचं झालं. त्यांनी हो म्हणलंय." सगळं अवसान गळालं माझं. डेअरीचं सांगितलं, तर ती नुसतीच कालवडीला कुरवाळत राहिली.

मग माझ्या मनात आलं, ही पोरगी सगळ्या तालुक्याला इचारती, तुमाला काय पायजे. हिला कुणी इचारलं? डेअरीनं न्हाई, पप्पूनं न्हाई, आन् मी तर न्हाईच न्हाई.

"नीलम, तुला काय पायजे गं? पुणं का न्हावरं? खरं सांग. आन् माझं इचारशील तर... जाऊ नगंस बाई."

तिचे डोळे भरून आले. "मला हितंच राहायचंय, आत्या. कवापास्नं. पण ओट्यावर न्हाई. मला खोली पायजे, दार लावून बसता येईल अशी."

खोली हाय की! कांद्यानं भरलेली हाय, एवढंच. म्हणून तर सकाळपास्नं मी आन् रामाशीष उपसा करतोय. उठा मालनबाई, पदर खोचा आन् ती पाटी धरा, दुपारच्या आत टेबल लावायचंय आत.