बाबांचे पाय आणि माझे उंदीर

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूर, गोळीबार चौकाजवळचं आमचं घर, रविवारची सकाळ. बाबा हातमागावर बसले होते आणि विणता विणता खाली पायांकडे बघत होते...

माग न पाहिलेल्यांना यात काही वाटणार नाही. विणकराचे पाय मागाखालच्या खड्ड्यात लाकडी पावड्या दाबतात, डोळे मात्र कापडावर असतात. बाबांनी जन्मात कधी पायांकडे पाहिलं नव्हतं. काय झालं, मी विचारलं.

"पाय पावडीवर आहे का नाही, तेच समजून नाही राहिलं वं," ते म्हणाले. "म्हून पाहा लागते."

बाबांना शुगर होती, तिनेच पाय बधिर होत चालले होते. मी तेव्हा फार्मसी कॉलेजात रिसर्च करत होते... मधुमेही उंदरांना जांभळाच्या बियांचा अर्क पाजायचा आणि त्यांची किडनी तपासायची. शुगरमुळे आतल्या अवयवांची जी झीज होते, ती वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट थोपवतात का, हा प्रश्न. गल्लीत मला 'उंदरांची डॉक्टरीण' म्हणत आणि बाबांना त्याचा केवढा अभिमान.

तो अभिमानच नडला. खोदून विचारल्यावर कळलं, बाबांनी गोळ्या केव्हाच बंद करून बियांची पूड सुरू केली होती. "तुह्या उंदराईले बरं वाटून राहिलं ना? मंग मले काहून नाही?"

संताप आला, भीतीही वाटली. उंदरांची किडनी खरंच कमी खराब होत होती, पण शुगर जवळपास होती तिथेच होती. बाबांनी बातमीतलं गोड तेवढं ऐकलं होतं.

ठरवलं, यांनी गोळी घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही. मागाशेजारी ठाण मांडलं. शास्त्र सांगून झालं, रागावून झालं... बाबा आपले सुताचा धोटा इकडून तिकडे फेकतायत.

शेवटी विचारलं, "बाबा, सुताले कांजी काहून लावता?"

"घासून तुटू नये म्हून."

"मंग कांजी लावली म्हून ताण्याचं उभं सूत वाट्टेल तेवढं ताणता का?"

धोटा थांबला. बियांची पूड म्हणजे कांजी आणि शुगर म्हणजे ताण, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आईने पाणी आणलं. गोळी गिळून बाबा म्हणाले, "मंग उंदराईले बी दोन्ही दे ना वं. एकच काहून देतं?"

अर्क आणि गोळी एकत्र देऊन बघायचं आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं... सोमवारी माझ्या गाइड सरांशी भांडून तसा उंदरांचा एक गट वाढवला. सगळ्यांत चांगली किडनी त्याच उंदरांची निघाली.

बाबांच्या पायांची जाणीव काही परत आली नाही. पण गोळी पुन्हा चुकली नाही, न कळता जखम झाली का म्हणून आई रोज तळवे तपासायची आणि पाय शाबूत राहिले. शेवटपर्यंत ते खाली बघत बघत विणत होते.

माझ्या थीसिसच्या आभारात पहिलं नाव त्यांचं आहे. वाचणाऱ्यांना वाटतं, वडील म्हणून लिहिलं असेल. नाही हो... तो प्रयोग त्यांचा होता.