बॅटरी रुवीत, आवाज सहमहून

आधीच सांगून टाकतो, मी वॉकीटॉकी विकणारा माणूस आहे. आवाज कुठून निघतो, किती लांब जातो आणि कुठं पोचून मरतो, हे गिऱ्हाइकांना समजावण्यात माझी चौदा वर्षं गेली. आमच्या साताऱ्याच्या घरात भूतखेत, शकुन असलं काही कधी नव्हतं. वडील तर अमावास्येला मुद्दाम गाडी खरेदी करायचे, डिस्काउंट मिळतं म्हणून! तेव्हा खाली जे लिहितोय ते माझ्याबाबतीत घडावं, हेच मुळात मला अजून पटलेलं नाही.

इथं आखातात, रुवीत मुख्य बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं सेफ्टी सामानाचं दुकान आहे. हेल्मेट, बूट, हातमोजे, दोरखंड, लाइफ जॅकेट आणि वॉकीटॉकी. मालक महिन्यातून दोनदा येतात, बाकी कारभार माझ्याकडे. मध्यंतरी आखातातल्या बातम्या जरा गरम झाल्या आणि आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकदम सैन्यात भरती झाल्यासारखे बोलायला लागले. कोण सुक्या मेव्याच्या याद्या टाकतंय, कोण पाण्याचे कॅन मोजतंय. जवळच्याच कुरुम भागातल्या एका ऑफिसातले साहेब तर दुकानात येऊन हळूच विचारते झाले, "शर्टाच्या आतून घालता येईल असं बुलेटप्रूफ आहे का? रोजच्या वापराला?"

आणि त्यात आमचा विन्या.

विन्या म्हणजे माझा मेहुणा, विनायक. बायको सुलभा कुडाळकडची, तिचा हा धाकटा भाऊ. वय बत्तीस, लांब किनाऱ्यावरच्या सहम गावात राहतो, आसपासच्या शेतांवरच्या पंपांची आणि मोटारींची कामं करतो. हात सोन्याचे, तोंड मात्र अखंड चालू. एका गुरुवारी तो रुवीला आला, दुकानात शिरला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "भावजी, माका एक बुलेटप्रूफ जाकीट व्हया."

मी हसलो.

"हसतास कित्याक? तुमच्या ग्रुपवरच सगळे बोलतत."

मग मी त्याला बसवून सगळं सांगितलं. जे साहेबांना सांगितलं होतं तेच. की ही वस्तू बनियनसारखी दुकानातून उचलून आणायची नसते, त्याला परवानगी लागते, आम्ही ठेवतही नाही. शिवाय त्यात प्रकार असतात. मऊ असतं ते पिस्तुलापुरतं. मोठ्या बंदुकीसाठी आत जाड पाट्या घालाव्या लागतात, मग ते आठ-दहा किलोचं होतं. आणि ते घालून सहमच्या उन्हात मोटार उघडायला बसलास, तर गोळीची वाट बघावी लागणार नाही... उन्हानंच आडवा होशील.

"विन्या, आधी मला सांग, तुझ्या जिवाला धोका कशाचा? तुला गोळी कोण घालणार? तुझा अर्बाब?"

अर्बाब म्हणजे मालक. ज्याच्या शेतावर विन्या जास्त काम करायचा तो हमूद, साधा भला माणूस. विन्यालाही हसू आलं.

"तुला धोका शॉकचा, उन्हाचा आणि वादीच्या पाण्याचा," मी म्हणालो. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. वर्षभर नुसते दगडगोटे, आणि डोंगरात पाऊस झाला की अर्ध्या तासात ट्रक वाहून नेते. हमूदचं शेत वादीच्या काठालाच आहे. "तेव्हा तुझं चिलखत हे." आणि मी त्याच्यापुढे नारंगी लाइफ जॅकेट ठेवलं.

इतका अपमान त्याचा आयुष्यात झाला नसेल. "माका? मी काय घाटावरचो? समुद्रार जल्माक इलेलो माणूस मी!"

घाटावरचा मी होतो. तरी जॅकेट त्याच्या पिशवीत कोंबलंच.

वॉकीटॉकी मात्र त्याला आवडला. शेतावर पंपाच्या खोलीपाशी मोबाइलची रेंज धड नसते. म्हणून दोघांनी मिळून परवान्याशिवाय चालणारी एक छोटी जोडी निवडली. एक सेट विन्याला, एक हमूदच्या घरी. डब्यावर काय वाट्टेल ते किलोमीटर छापलेले असतात, त्यावर जाऊ नका. मोकळ्या शेतात दीड-दोन किलोमीटर जातो, रुवीत दोन इमारती आड आल्या की खलास. हमूदचा सेट मी तपासून पुढच्या शुक्रवारी स्वतः घेऊन येणार होतो, आम्ही तसेही सहमला जेवायला जाणारच होतो.

आता इथं एक गाढवपणा झाला, आणि तो आमच्याच घरात होऊ शकतो.

सुलभानं भावासाठी त्याच पिशवीत तिची आणीबाणीची तयारी भरली होती. कोकम, मालवणी मसाला आणि किलोभर सुका जवळा. तो नुकताच कोणीतरी गावाहून आणला होता आणि दोन पिशव्यांमधूनही वास मारत होता. मी व्यवस्थित माणूस. म्हटलं, कोकमाला मीठ सुटतं, बॅटरीच्या पितळी टोकांना खारट लागायला नको. म्हणून बॅटरी काढली, तिच्यावर चिकटपट्टी लावून 'विन्या' लिहिलं आणि चार्जरवर ठेवली. निघताना शेवटी हातात द्यायची, असं ठरवून. आणि मग टॅक्सीवाला जवळ्यावरून भांडायला लागला, त्या गडबडीत विन्या गेला. जवळा गेला, कोकम गेलं, बॅटरी राहिली.

पुढचे तीन दिवस ना त्याला कळलं, ना मला. त्यानं जवळा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घेतला आणि वास लागलेली बाकी पिशवी पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगली, कारण रूमवरच्या मल्याळी पार्टनरनं तो वास घरात घ्यायला साफ नकार दिला.

सोमवारी हवामानाचा इशारा आला. शाळांना सुट्टी, रुवीच्या रस्त्यांवर घोटाभर पाणी. एक ते चार आमचं दुकान बंद असतं, पण मी घरी गेलो नाही. आत बसून डबा खाल्ला आणि हमूदचा सेट तपासायला घेतला. अडीच वाजून गेले असतील. सेट चालू करून टेबलावर उभा ठेवला, नेहमीसारखी बारीक खरखर... मी बिल-बुक शोधत होतो.

"भावजी, ऐकाक येता काय?"

मी सरळ सेट उचलला. चौदा वर्षांची सवय, विचार करायला वेळच नाही. "बोल रे."

"ह्येच्यात बॅटरीच नाय हा! खय ठेवलास?"

आणि मी मान वळवली. चार्जरवर बॅटरी होती. हिरवा दिवा. 'विन्या' — माझ्याच अक्षरात.

कुणी म्हणतं ना, अंगावर काटा आला... मला तसलं काही झालं नाही. मला आधी लाज वाटली! बॅटरी विसरल्याची. मग दोन सेकंदांनी लक्षात आलं की सहम इथून दोनशे किलोमीटर आहे. मी सेट कानाला घट्ट लावला.

आवाज चालूच होता. "पंपाच्या खोलयेच्या स्लाबार आसय. वाट गेली सगळी. पाणी चढता हा. जाकीट घातलंय." मग जरा थांबून, एकदम वेगळ्या, बारीक आवाजात, "भावजी... माका पोवाक येना नाय."

मी बटण दाबून ओरडलो, "उतरू नकोस! तिथंच बस! त्या जॅकेटच्या भरवशावर पाण्यात पाय घालू नकोस, वादीत दगड वाहतात. मी हमूदला सांगतो. बस तिथंच!"

पलीकडून काही नाही. नुसती खरखर.

विन्याला मोबाइल लावला, बंद. मग हमूदला लावला. तो आरामात होता, त्याच्या घराकडे तर थेंबही पडला नव्हता. त्याला हिंदी उत्तम येतं.

"विनायक? वो तो अपने रूम पे है."

"नहीं अर्बाब, मोटर रूम के ऊपर है. वाजिद पानी, बहुत पानी. यल्ला, जल्दी!"

"तुमको कौन बोला?"

"उसी ने बोला," मी म्हणालो. खोटं तर नव्हतं.

पुढचे पावणेदोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी फोन करून सुलभाला काय सांगणार? सांगितलंच नाही. दुकानात येरझाऱ्या घालत होतो, देवाचं नाव घेत होतो आणि मध्येमध्ये त्या सेटवर ओरडत होतो. साडेचारला हमूदचा फोन आला. बचाव पथक आलं होतं, शेजारच्या साइटवरचा माती उचलायचा मोठा लोडर पाण्यात घातला होता आणि त्याच्या बादलीत बसवून विन्याला आणलं होतं. पाणी खोलीच्या खिडकीच्या वर गेलेलं. हमूद म्हणाला, आम्हाला लांबून फक्त नारंगी रंग दिसत होता. मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. अगदी हुंदके देऊन. चार वाजून गेले तरी शटर उघडलं नव्हतं ते बरं.

शुक्रवारी आम्ही सहमला गेलो. सुलभानं दारातच भावाच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, आवशीक मी काय सांगूचा होता?" असं आईच्या नावानं ओरडली आणि मग दोन माणसांचं जेवण त्याच्या एकट्याच्या ताटात वाढलं. जेवण झाल्यावर मी विन्याला बाहेर घेऊन गेलो आणि काहीएक न सांगता विचारलं, काय काय झालं ते नीट सांग.

मोटारीचा मेन स्विच बंद करायला तो गेला होता. माथ्यावर ऊन होतं, पण डोंगरात पाऊस झालेला. खोलीतून बाहेर येईतो चारी बाजूंनी पाणी. मोबाइल हातातून गेला. खिळ्यावरची पिशवी घेऊन तो लोखंडी शिडीनं वर चढला, जॅकेट अंगात घातलं, सेट काढला, बटण दाबलं, "भावजी, ऐकाक येता काय?" आणि दिवा लागेना म्हणून मागं वळवून बघतो तर मागचा खण रिकामा.

"मग?"

"मग काय? राग इलो तुमचो. तसोच बटण दाबून बोललंय, बॅटरीच नाय हा, खय ठेवलास म्हणान. आणि खय अडाकलंय ता पण बोललंय. पिशो, येडो झालेलंय."

शब्द न् शब्द तोच. मी म्हणालो, "आणि मग पोहता येत नाही म्हणून सांगितलंस."

विन्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं आधी मागं वळून बहिणीनं ऐकलं नाही ना ते बघितलं. "ता मी बोलूक नाय, भावजी. शप्पत. ता कोणाकच म्हायती नाय. फकत मनात इला."

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. हमूदच्या शेळ्या समोर खजुरीखाली चरत होत्या.

याचं स्पष्टीकरण मी शोधलं नाही असं समजू नका. रेडिओचा छंद असलेले एक गिऱ्हाईक आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, किनाऱ्यावरच्या दमट गरम हवेत लहरी कधीकधी फार लांब जातात, अशक्य नाही. मी म्हटलं, ठीक, आणि बॅटरी? त्यांनी चहा संपवला आणि गेले. सुलभा म्हणते, त्यात काय एवढं, रक्ताचं माणूस आहे. पण मग तो आवाज तिला यायला हवा होता, मला का? ग्रुपवर एकानं सुचवलं की मला डुलकी लागली असेल आणि स्वप्न पडलं असेल. असेल बाबा. पण हमूदला फोन केल्याची नोंद माझ्या मोबाइलमध्ये आहे, दोन बेचाळीस, आणि त्या वेळी सहमात विन्या कुठं आहे हे जगात एकालाही माहीत नव्हतं.

एवढ्यावर मी हे लिहायला घेतलं नसतं. त्या शुक्रवारी सहमहून निघताना विन्या गाडीपाशी आला. म्हणाला, एक सांगायचं राहिलं. तो तिथं बसून राहणारच नव्हता. कोणी येईल असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून जॅकेटचे पट्टे आवळून तो रस्त्याच्या दिशेनं पाण्यात उतरायला निघाला होता. एक पाय शिडीवर घातलेलाही होता.

मी विचारलं, "मग थांबलास का? माझं ऐकू आलं तुला?"

"नाय. ऐकाक काय येवक नाय," तो म्हणाला. "पण बोलान झाल्यार माका एकदम बरा वाटला. वाटला, भावजींका कळला, आता येतीत कोणतरी. म्हणान पाय वर घेतलंय आणि बसलंय."

मी गाडी चालू केली. सुलभा शेजारी विचारत होती, काय रे बोलत होतात एवढं. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. अजूनही कुणी विचारलं की हे कसं झालं, तर मी हेच सांगतो, मला माहीत नाही. त्यानं पाय वर घेतला, तेवढंच मला माहीत आहे.